जुन्या बास गिटारच्या दोन व्याधी

बिडकीनसारख्या, छत्रपती संभाजीनगर आणि पैठण यांच्या दरम्यानच्या हमरस्त्यावरील गावी जुनी बास गिटार बहुधा दुकानातून आलेली नसते. लग्नसमारंभांत आणि गणेशोत्सवात चित्रपटगीते सादर करणाऱ्या ऑर्केस्ट्रांची चलती ओसरली तेव्हा जी वाद्ये वादकांच्या घरी माळ्यावर गेली, त्यांतीलच एखादे पुढच्या पिढीतील कुणाच्या हाती लागते. आणि ते बाहेर काढणाऱ्याच्या मनात राहुलदेव बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत टोनी वाझ यांनी वाजविलेल्या खर्जाच्या स्वरांची स्मृती पुष्कळदा जागी असते. वाद्य कलकत्त्याच्या गिव्हसनचे असो, जर्मनीच्या हॉफ्नरचे असो, की सुदैवाने अमेरिकेच्या फेंडरचे असो, चार तारा चढवून ॲम्प्लिफायरला जोडताच त्याची पहिली कैफियत बहुतेक वेळा एकच असते, आणि ती म्हणजे ब्रिजपाशी काहीतरी घरघरते. ही कैफियत शांतपणे ऐकून घेऊन तिचा निवाडा कसा करावा, आणि वाद्याच्या जुनेपणाला धक्का न लावता दुरुस्ती कशी तडीस न्यावी, हे सांगण्याचा येथे हेतू आहे.

घरघर या एका नावाखाली दोन सर्वस्वी भिन्न व्याधी नांदतात. एक यांत्रिक, म्हणजे तारेचे कंपन कोठेतरी धातूला किंवा लाकडाला घासून उत्पन्न होणारी. दुसरी विद्युत्‌जन्य, म्हणजे तारेला हातही न लावता ॲम्प्लिफायरमधून येणारी भणभण. दोहींचा संशय ब्रिजवरच येतो, आणि त्याला सबळ कारण आहे: तारेचे कंपन जेथे संपते आणि वाद्याच्या अंतर्भागातील अर्थिंगची वायर जेथे तारांना भेटते, ते स्थान एकच आहे. त्यामुळे ज्याची व्याधी वायरीची आहे तो सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार जिच्यावर टेकते ती खाचेची बैठक, घासत बसतो, आणि ज्याचा केवळ एक स्क्रू सैल आहे तो जुन्या सोल्डरवर तापलेली सोल्डरिंगची इस्त्री टेकवतो. माझे स्पष्ट मत असे आहे की जुनी वाद्ये व्याधीने जितकी नष्ट झाली त्यापेक्षा अधिक निदानावाचून केलेल्या उपचाराने नष्ट झाली. म्हणून निदान पुरे होईपर्यंत स्क्रूड्रायव्हर पेटीतच असू द्यावा.

निदानाची पहिली पायरी अशी की वाद्य ॲम्प्लिफायरला न जोडता, शांत खोलीत, प्रत्येक तार मोकळी आणि मग प्रत्येक फ्रेटवर दाबून, मध्यम जोराने छेडावी. जी घरघर या वेळी हवेत ऐकू येते ती यांत्रिक समजावी. त्यानंतर वाद्य जोडून, तारा तळहाताने न दाबता, आवाज चढवावा; छेडल्यावाचून जे ऐकू येते ते विद्युत्‌जन्य. या दुसऱ्या ध्वनीचा स्वर ओळखण्याची एक सोय निसर्गतःच आपल्या हाती आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असते, आणि बासच्या सर्वांत जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरील जी स्वर ४९ हर्ट्झचा असतो. वीज-वाहिनीचा दुप्पट कंप १०० हर्ट्झचा, तर सर्वांत बारीक जी तार मोकळी वाजवली असता ९८ हर्ट्झचा स्वर निघतो. तेव्हा जी भणभण या दोन स्वरांशी जवळजवळ एकरूप होते, पण किंचित चढी वाटते, ती घरातल्या विजेची आहे, ब्रिजची नव्हे.

मग तीच भणभण चालू असता बोट तारेवर किंवा ब्रिजवर टेकवावे. ती कमी झाली तर अर्थिंगची वायर शाबूत आहे आणि उरलेला दोष जवळच्या ट्यूबलाइटचा, पंख्याच्या रेग्युलेटरचा किंवा तारेचे कंपन टिपणाऱ्या पिकअपच्या स्वभावाचा आहे. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजखालची वायर तुटलेली किंवा सुटलेली असण्याचा संभव मोठा. आणि स्पर्श होताच ती वाढली, तर जॅकवरील दोन जोडण्यांची कुणीतरी अदलाबदल करून ठेवली आहे असे खुशाल समजावे. पिकअपच्या स्वभावाविषयी एक खुलासा आवश्यक आहे: फेंडरच्या प्रिसिजन बासमधील १९५७ नंतरचे दुभंगलेले पिकअप अशी भणभण आपोआप रद्द करते, आणि १९६० साली आलेल्या जॅझ बासमध्ये दोन्ही पिकअपांचे आवाज समान ठेवले असता ती मावळते. या वाद्यांत ती तरीही टिकून राहिली, तर शोध वायरींतच घ्यावा.

आता यांत्रिक घरघरीकडे वळू. येथे मराठी वादकाचा कान परक्या देशातील वादकापेक्षा अधिक तयार असतो असे मला मनापासून वाटते. तंबोऱ्याच्या घोडीवर तार एका तीक्ष्ण बिंदूवर विसावत नाही; ती रुंद, किंचित गोलसर पृष्ठावरून घासत जाते, आणि तिच्याखाली सुताचा धागा नेमक्या जागी सरकवला की जवारी खुलते. मिरजेच्या ज्या कारागिरांच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांच्या कौशल्याचा मोठा भाग या पृष्ठाच्या घासणीतच सामावलेला आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना असे दाखविले की, तार एखाद्या बिंदूपाशी छेडली असता जे स्वरांश सामान्य नियमाप्रमाणे उमटूच नयेत, तेही तंबोऱ्यात आणि वीणेत या घोडीमुळे स्पष्ट ऐकू येतात. बास गिटारमध्ये नेमकी हीच क्रिया अनाहूतपणे घडते: सॅडलची खाच वर्षानुवर्षांच्या घर्षणाने सपाट आणि रुंद झाली की तार तिच्या कडेवरून सुटण्याऐवजी तिच्या पृष्ठावर लोळते, आणि त्या एकाच तारेला सतारीसारखी झणझण येते. ज्याने जवारी ऐकली आहे त्याने हा दोष क्षणात ओळखावा. हा ध्वनी त्या तारेच्या सर्व फ्रेटांवर सारखाच राहतो, ही त्याची खूण. उपाय असा की सुईकानशीने खाचेला मागच्या, म्हणजे तार अडकवण्याच्या बाजूकडे हलका उतार द्यावा, जेणेकरून तार सॅडलच्या पुढच्या कडेवरूनच सुटेल. कानस चार-दोन वेळा फिरवून तार परत चढवून ऐकावे. घासलेला धातू परत येत नाही.

परंतु सॅडलला हात लावण्यापूर्वी ब्रिजचे इतर अवयव निर्दोष ठरवले पाहिजेत. फेंडरच्या जुन्या ब्रिजमध्ये प्रत्येक सॅडल दोन बारीक स्क्रूंच्या पायांवर उभे असते. १९५१ ते १९५७ च्या वाद्यांत चार तारांना दोनच सॅडल असत, पुढे चार आले. या दोन पायांपैकी एक जरी पट्टीला टेकलेला नसेल तर सॅडल डुलते आणि विवक्षित स्वरावर खडखडते. त्यासाठी एकाने तार छेडीत राहावे आणि दुसऱ्याने प्रत्येक सॅडल, स्प्रिंग, स्क्रू, पिकअपचे झाकण, पिकगार्ड, खुंट्यांच्या कडा असे एकेक बोटाने दाबीत जावे. ज्या अवयवावर बोट ठेवताच घरघर थांबते तो अपराधी. सैल स्प्रिंगमध्ये रबरी नळीचा किंवा स्पंजचा बारीक तुकडा बसवावा. स्क्रू आपोआप फिरत असेल तर त्याच्या आट्यांवर नखांच्या रंगाचा एक थेंब पुरेसा होतो, आणि उद्या काढायचा झाला तर तो स्क्रू सहज निघतो. कायमची चिकटणारी द्रव्ये येथे वर्ज्य समजावीत. हॉफ्नरच्या व्हायोलिनच्या आकाराच्या बासचा ब्रिज तर लाकडाचा असून तो वाद्यावर नुसता टेकलेला असतो, स्क्रूने जखडलेला नसतो; त्याचे तळवे वाद्याच्या पोटाच्या वक्रतेला पूर्ण चिकटले आहेत की नाहीत हे पाहावे, आणि चारही तारा एकदम कधीही सोडू नयेत. एक काढावी, तीच बदलावी, मग दुसरी. नाहीतर ब्रिजची मूळ जागा हरवते आणि सुरांचा सारा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

घरघर ब्रिजची नसून दांडीची असणे हेही तितकेच संभवनीय आहे. केवळ मोकळ्या तारेला येणारी घरघर वरच्या नटच्या खाचेची असते. पहिल्या पाच फ्रेटांपर्यंत येणारी, दांडी अति सरळ झाल्याची. बाराव्या फ्रेटच्या पुढे येणारी, सॅडल फार खाली बसल्याची किंवा दांडीचे शेवटचे टोक वर उचलल्याची. आणि एकाच स्थानी येणारी, पुढचा एखादा फ्रेट उंचावल्याची. दांडीचा बाक मोजण्यास मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्यांकडे असणारे फीलर गेज उत्तम चालते, आणि ते बिडकीनच्या कोणत्याही गॅरेजमध्ये घटकाभर मागून मिळेल. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि दांडी जेथे अंगाला मिळते त्या फ्रेटवर दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती अंतर उरते ते पाहावे. सुमारे ०.३ ते ०.४ मिलिमीटर अंतर असणे इष्ट. फेंडरच्या जुन्या गोलाईच्या दांडीवर सतराव्या फ्रेटपाशी जाड तारेची उंची २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेची २ मिलिमीटर हे प्रमाण धरून चालावे. बाक कमी असेल, म्हणजे अंतरच उरत नसेल, तर दांडीतील लोखंडी सळईचा, ज्याला ट्रस रॉड म्हणतात त्याचा, नट डावीकडे एक-अष्टमांश फेरा सैल करावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे. जुन्या फेंडरमध्ये हा नट दांडीच्या तळाशी असल्याने दांडी उतरवावी लागते. आणि तो सहज फिरत नसेल तर जोर न लावता वाद्य जाणत्या कारागिराकडे न्यावे.

मराठवाड्याच्या हवामानाचा या प्रकरणी मोठा वाटा आहे. वैशाखातील कोरड्या उन्हात लाकूड आकसते, फ्रेटांची टोके दांडीच्या कडेबाहेर बोटाला टोचू लागतात. मृग लागल्यावर तेच लाकूड ओल शोषून फुगते आणि दांडीचा बाक बदलतो. म्हणून मे महिन्यात आढळलेली घरघर जुलैत न राहण्याचा संभव असतो, आणि ऐन उन्हाळ्यात घासलेला फ्रेट पावसाळ्यात वादकाला पस्तावा देतो. ट्रस रॉडची किंचित हालचाल ऋतूनुसार करणे योग्य. कानस मात्र दोन ऋतू ऐकल्यावाचून उचलू नये. पत्र्याच्या छताखाली, माळ्यावर आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत वाद्य ठेवणे सर्वथा टाळावे.

विद्युत्‌व्यवस्थेचा भाग उघडण्याआधी त्याचा यथासांग पंचनामा करावा. पिकगार्ड किंवा मागील झाकण काढताच मोबाईलवर चोहीकडून छायाचित्रे घ्यावीत, आणि कोणती वायर कोठे जाते याचा नकाशा कागदावर स्वहस्ते काढावा, कारण छायाचित्रात एकाखाली दुसरी वायर लपते आणि हाताने काढताना ती लपत नाही. सर्वसाधारण जुन्या बासमधील मार्ग साधा असतो: पिकअपमधून आवाजाच्या पॉटकडे (म्हणजे फिरवून आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाखालील भागाकडे), तेथून टोनच्या पॉटकडे व त्याच्या कंडेन्सरकडे, आणि शेवटी जॅककडे, आणि सर्वांच्या पाठीमागून अर्थिंगची एक वायर ब्रिजच्या पट्टीखाली जाते. काही वाद्यांत या वायरऐवजी पितळेची पातळ पट्टी असते. पॉटच्या पाठीवरील अंकांची नोंद अवश्य करावी. १३७ हे सीटीएस कंपनीचे आणि ३०४ हे स्टॅकपोलचे चिन्ह असून त्यापुढील चार अंकांपैकी पहिले दोन वर्ष आणि पुढील दोन आठवडा सांगतात. म्हणजे १३७६६२० असे लिहिले असेल तर तो पॉट १९६६ च्या विसाव्या आठवड्यातला, आणि मूळचा असेल तर वाद्य त्याहून जुने नाही. हा पॉट वाद्याच्या जन्माचा अस्सल दस्तऐवज आहे. तो खरखरतो म्हणून फेकून देणारा मनुष्य वाद्याची सनदच फेकतो.

खरखरणाऱ्या पॉटचा उपाय बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक दुकानात मिळणाऱ्या कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि मग दांडा दोन्ही टोकांपर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरविणे, एवढाच असतो. रॉकेल, पेट्रोल किंवा गंज सोडविणारे तेल यांचा वापर करू नये. ती आतील कार्बनच्या पट्टीला आणि वंगणाला अपाय करतात. कंडेन्सरच्या बाबतीतही घाई नको. ०.१, ०.०५ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचे हे कंडेन्सर रेडिओतील कंडेन्सरप्रमाणे शेकडो व्होल्टचा भार सोसत नाहीत, म्हणून पन्नास वर्षांनंतरही ते बहुधा कामास योग्य असतात. एक पाय सोडवून मल्टिमीटरने मोजावा, आणि तो शॉर्ट झालेला नसेल तर परत जागेवर जोडावा. सुती वेष्टनाच्या जुन्या वायरी केवळ मळकट दिसतात म्हणून बदलणे हा अविचार होय. वेष्टन मागे सरकवून तांबे पाहावे. ते लखलखीत असेल तर वायर आणखी कित्येक वर्षे टिकेल.

मोजमापाचा क्रम सांगतो. केबल वाद्यात खोचून, आवाजाचा आणि टोनचा पॉट पूर्ण उघडून, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगवर टोक आणि दांडा यांच्यात मल्टिमीटरने रोध मोजावा. प्रिसिजन बासचे पिकअप सुमारे १० ते ११ किलोओहम आणि जॅझ बासचे सुमारे ७ ते ८ किलोओहम असते. पॉट समांतर असल्याने आकडा किंचित कमी येईल. एकच पिकअप असलेल्या वाद्यात आकडा २५० किलोओहमच्या आसपास आला तर पिकअपची वेटोळी तुटली आहे आणि मीटर केवळ पॉट मोजत आहे. आकडा शून्य आला तर कोठेतरी वायर अर्थिंगला टेकली आहे. नंतर मीटरचे एक टोक तारेवर आणि दुसरे प्लगच्या दांड्यावर ठेवावे: येथे मात्र शून्याजवळचा आकडाच हवा. तो आला नाही तर ब्रिजचे स्क्रू काढून पट्टी उचलावी. खाली वायरचे उघडे टोक बहुधा हिरवट गंजलेले सापडते. ते स्वच्छ करून पसरावे, पट्टीची खालची बाजू त्याच जागी बारीक पॉलिश कागदाने चमकवावी आणि ब्रिज पुन्हा घट्ट बसवावा. सोल्डरची येथे गरज पडत नाही. तुटलेली वेटोळी मात्र घरी हाताळू नये. तिची तार केसाइतकी बारीक असते आणि ती नव्याने गुंडाळणे हे स्वतंत्र कारागिराचे काम आहे.

बहुतांश बिघाड या सर्वांपेक्षा साध्या ठिकाणी सापडतो: जॅकपाशी. त्याचा बाहेरचा नट सैल होतो, प्लग फिरवताना जॅकही फिरतो, आणि आतील वायर पिळत जाऊन तुटते. जॅकची जीभ ढिली पडली असेल तर ती किंचित आत वाकवावी, स्पर्शबिंदू कोऱ्या कागदाने पुसावा, आणि नट आवळताना जॅक आतून पकडून ठेवावा.

सोल्डर करण्याचे काम गावातील रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर उत्तम करील. तरी स्वतः करणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. कथील साठ आणि शिसे चाळीस टक्के असलेली, मध्ये राळ भरलेली सोल्डरची तार घ्यावी. कल्हईवाल्यांचा नवसागर किंवा कोणतीही आम्लयुक्त पेस्ट विजेच्या जोडाला कदापि लावू नये. ती आज जोड सुंदर करते आणि काही महिन्यांत वायर खाऊन टाकते. लहान जोडांना २५ वॉटची इस्त्री चालते, परंतु पॉटच्या पाठीवरील अर्थिंगच्या जोडाला ती दुबळी पडते. तेथे ४० ते ६० वॉटची घेऊन काम दोन-तीन सेकंदांत संपवावे, कारण दुबळी इस्त्री दीर्घकाळ टेकवल्याने पॉटचे अंतरंग जळते. जोड निवताना हलू देऊ नये. चकचकीत आणि वायरीवर पसरलेला जोड चांगला. मळकट, रवाळ आणि गोळीसारखा उभा राहिलेला जोड पुन्हा करावा. वाद्याच्या अंगावर जाड पुठ्ठा आणि कापड पसरल्याशिवाय इस्त्री हाती घेऊ नये. जुन्या वाद्यांचा नायट्रोसेल्युलोजचा लेप सोल्डरच्या एका थेंबाने जळतो आणि थिनरच्या एका थेंबाने विरघळतो. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग, निरुपयोगी झालेला असला तरी, पुडीत बांधून वाद्याच्या पेटीतच ठेवावा.

शेवटी ज्या विषयाला मी सर्वाधिक महत्त्व देतो तो मांडतो. ब्रिजची वायर नीट जोडली की वाद्याच्या चारही तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगशी एकजीव होतात. म्हणजे ॲम्प्लिफायरचे अर्थिंग खरे असेल तर वादक सुरक्षित असतो, आणि ते खोटे असेल तर वादक स्वतःच मार्ग बनतो. आपल्या भागात मंडपातील वीज कधी महावितरणची, कधी जनरेटरची असते. ॲम्प्लिफायर एका बोर्डावर आणि गायनाचा माइक दुसऱ्याच फेजवरील ध्वनियंत्रणेवर असतो. आणि तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन मोडून दोन पिनांच्या खाचेत बसविण्याची सवय सर्वत्र आहे. अशा वेळी हात तारांवर असता ओठ माइकला लागले तर २३० व्होल्टचा आघात छातीतून जाऊ शकतो. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्सी येथे गिटारवादक लेस हार्वी यांचा रंगमंचावर माइकला स्पर्श होताच याच रीतीने मृत्यू झाला. काही जण यावर ब्रिजची वायरच तोडून ठेवण्याचा सल्ला देतात. तो मला मान्य नाही, कारण त्याने भणभण परत येते आणि ॲम्प्लिफायरचा दोष तसाच राहून पुढच्या मनुष्याची वाट पाहतो. योग्य उपाय म्हणजे मंडपाच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेणे, अर्थिंगची पिन शाबूत ठेवणे, ॲम्प्लिफायर आणि ध्वनियंत्रणा एकाच बोर्डावरून चालविणे, आणि जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्वतः कधीही न उघडणे. त्याच्या कंडेन्सरांत वीज बंद केल्यावरही प्राणघातक दाब साठून राहतो. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याचे एक टोक तारेवर आणि दुसरे माइकच्या जाळीवर धरावे, आणि आकडा दोन-चार व्होल्टांच्या वर गेला तर संयोजक कितीही घाई करोत, दोष सापडेपर्यंत वाद्य वाजवायला घेऊ नये.